माणसाचा पत्ता कीं जागेचा पत्ता?

कचेरींत काम करणाऱ्या पुष्कळांना संगणकाच्या पडद्यावर सी आणि डी या अक्षरांच्या जोडीला पी किंवा एस असें एखादें अक्षर दिसतें. त्यावर टिचकी मारली कीं खात्याचीं सारीं कागदपत्रें समोर उघडतात. सी म्हणजे आपल्याच संगणकाच्या पोटांतील तबकडी, हें बहुतेकांना ठाऊक असतें. पण पी कोठें आहे असें विचारलें तर उत्तर सहसा मिळत नाहीं. खरें पाहतां पी आपल्या संगणकांत नसतोच. दुसऱ्या खोलींत, कदाचित् दुसऱ्या इमारतींत ठेवलेल्या सर्व्हरवरील तो एक कप्पा असतो. त्या कप्प्याचा पत्ता लांबलचक असतो: अगोदर दोन तिरक्या रेघा, मग सर्व्हरचें नांव, मग कप्प्याचें नांव. त्या पत्त्याला एका अक्षराचें टोपणनांव देणें, यालाच ‘ड्राइव्ह मॅप करणें’ असें म्हणतात. हें टोपणनांव कोणत्या संगणकांवर दिसावें, तें एका जागीं बसून कसें ठरवितां येतें, आणि त्यांत कोणत्या चुका संभवतात, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

सोलापूरहून अक्कलकोटकडे जातांना कुंभारी हें गांव लागतें. विडी-कामगार स्त्रियांसाठीं गोदूताई परुळेकर यांच्या नांवानें बांधलेली १०,००० घरांची वसाहत येथें २००६ सालीं स्त्रियांच्या हवालीं झाली. पुढें असंघटित कामगारांसाठीं ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प येथेंच हातीं घेण्यांत आला, आणि १९ जानेवारी २०२४ रोजीं त्यांतील पहिलीं १५,००० घरें कामगारांना देण्यांत आलीं. एकासारखें एक अशीं हजारों घरें जेथें असतात, तेथें कागद दोन प्रकारें वांटले जातात. विजेचें बिल घराच्या मीटरला चिकटलेलें असतें. आंत आज कोण राहतें याच्याशीं त्याला कर्तव्य नाहीं. माणसाच्या नांवाचें पत्र मात्र, त्यानें बिऱ्हाड बदललें तर, त्याच्या मागोमाग गेलें पाहिजे. हा भेद श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

पूर्वी मोठ्या संस्थेंत नवा कप्पा उघडला कीं एखाद्या माहितगार माणसानें टेबला-टेबलापाशीं जाऊन तो जोडून द्यावा, नाहीं तर त्यासाठीं आज्ञांची एक यादी लिहून ठेवावी, असा परिपाठ असे. २००० सालच्या विंडोजबरोबर मायक्रोसॉफ्टनें ‘ग्रूप पॉलिसी’ नांवाची सोय आणली. संस्थेचे नियम एका ठिकाणीं लिहून ठेवावयाचे आणि संस्थेंतील प्रत्येक संगणकानें ते आपण होऊन वाचून अमलांत आणावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. या नियमपुस्तकाचे दोन भाग असतात. पहिला संगणकाचा, तो यंत्र सुरू होतांच लागू होतो. दुसरा व्यक्तीचा, तो तिनें आपलें नांव व परवलीचा शब्द देऊन प्रवेश केल्यावर लागू होतो. त्यानंतरहि साधारणतः दर ९० मिनिटांनीं, अधिक ३० मिनिटांपर्यंतच्या फरकानें, संगणक नवे नियम आले आहेत काय याची चौकशी करीत राहतो.

२००८ च्या विंडोज सर्व्हरपासून ड्राइव्ह जोडण्याचा नियमहि या पुस्तकांत, आज्ञांची यादी न लिहितां, भरतां येऊं लागला. परंतु तो फक्त व्यक्तीच्या भागांत आहे, संगणकाच्या भागांत नाहीं. याला कारणहि आहे. कप्पा उघडतांना सर्व्हर “कोण आला आहे?” असें विचारतो, आणि त्याला व्यक्तीच्या नांवानें उत्तर द्यावें लागतें. म्हणजे हें माणसाच्या नांवाचें पत्र झालें. माणूस ज्या संगणकावर बसेल तेथें तें त्याच्या मागून येणार.

आतां अडचण कोठें येते तें पाहा. कुंभारीस वैद्यकीय महाविद्यालय व त्याचें रुग्णालयहि आहे. अशा कोणत्याहि रुग्णालयाची कल्पना करा. अपघात-विभागांतील संगणकावर क्ष-किरण चित्रांचा कप्पा तयार असला पाहिजे, मग रात्रपाळीस कोणीहि डॉक्टर असो. तोच डॉक्टर दुपारीं ग्रंथालयांतील सामाईक संगणकावर बसला, तर रोग्यांचीं चित्रें तेथें, चार लोकांच्या देखत, डोकावूं नयेत. येथें नियम जागेचा हवा आहे, आणि सोय माणसाची आहे. विजेचें बिल पाठवावयाचें आहे, पण हातीं पाकीट मात्र नांवाचें आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला असा कीं, ड्राइव्हचा नियम सर्व डॉक्टरांना द्यावा, पण त्याला एक अट जोडावी: ‘समोरचा संगणक अपघात-विभागाच्या गटांतील असेल तरच.’ त्यासाठीं त्या विभागांतील संगणकांचा एक गट करावयाचा. उद्यां नवा संगणक आला तर त्याचें नांव गटांत घातलें कीं पुरे. नियमाला हात लावावा लागत नाहीं. अट घालतांना ती व्यक्तीच्या गटाची नसून संगणकाच्या गटाची आहे, हें मात्र स्पष्ट निवडावें लागतें, कारण न सांगितल्यास अट व्यक्तीचीच धरली जाते. शिवाय ‘अट लागू नसेल तेव्हां ड्राइव्ह काढून टाकावा’ हा पर्यायहि घ्यावा. नाहीं तर गटांतून काढलेल्या संगणकावर जुनें अक्षर तसेंच रेंगाळण्याचा संभव असतो.

दुसऱ्या उपायाला ‘लूपबॅक’ म्हणतात. यांत नियम त्या संगणकांनाच बांधतात, आणि त्यांवर जो बसेल त्याला त्या जागेचे व्यक्तिविषयक नियम लागू होतात. त्याचे स्वतःचे नियम अजिबात बाजूस ठेवावयाचे, कीं जागेच्या नियमांशीं त्यांची सांगड घालावयाची, हें ठरवितां येतें. सांगड घातल्यास विरोधाच्या जागीं जागेचा नियम वरचढ ठरतो. ग्रंथालयासारख्या सामाईक ठिकाणीं हा उपाय चांगला. पण एक-दोन ड्राइव्हसाठीं व्यक्तीचे सगळेच नियम फिरवूं नयेत; तेथें पहिला उपाय पुरेसा आहे.

हें सर्व यथास्थित करूनहि अक्षर दिसलें नाहीं, तर दोन गोष्टी आधीं तपासाव्या. संगणकाला आपण नव्या गटांत गेलों आहों हें, तो बंद करून पुन्हां सुरू केल्यावर कळतें. नुसतें व्यक्तीनें बाहेर पडून परत येणें उपयोगी नाहीं. दुसरें असें कीं, जून २०१६ मध्यें मायक्रोसॉफ्टनें सुरक्षिततेसाठीं केलेल्या फेरबदलानंतर व्यक्तीचे नियमहि संगणकाच्या अधिकारानें वाचले जातात. तेव्हां नियम वाचण्याची परवानगी केवळ ठराविक व्यक्तींना देऊन संगणकांना वगळलें, तर तो नियम गुपचूप निष्फळ होतो.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अक्षर न दिसणें म्हणजे कुलूप लागणें नव्हे. ज्याला कप्प्याचा लांबलचक पत्ता ठाऊक आहे आणि ज्याच्या नांवाला सर्व्हरवर मुभा आहे, तो अक्षराशिवायहि कप्पा उघडूं शकतो, आणि ग्रंथालयांत बसूनहि उघडूं शकतो. म्हणून कोणाला काय वाचूं द्यावयाचें, हें त्या कप्प्यावरच्या परवानग्यांनींच ठरविलें पाहिजे. या बाबतींतील हयगय किती महाग पडते, याचें एक उदाहरण आहे. ड्राइव्हच्या नियमांत परवलीचा शब्द लिहून ठेवण्याची सोय पूर्वी होती. तो शब्द सांकेतिक रूपांत ठेवला जाई, पण तो संकेत उलगडण्याची किल्ली मायक्रोसॉफ्टच्याच माहितीपत्रकांत छापलेली होती, आणि नियमांची फाईल संस्थेंतील प्रत्येक माणसाला वाचतां येत असे. मे २०१४ मध्यें नवे शब्द असे लिहिण्यास बंदी झाली. परंतु आधीं लिहिलेले शब्द आपोआप पुसले गेले नाहींत. जेथें व्यवस्था जुनी आहे तेथें ते हुडकून, पुसून, बदलणें हें आजहि कर्तव्यच आहे.

घरावरची पाटी घर सांपडण्यासाठीं असते, आणि कुलूप घर राखण्यासाठीं. आपला रक्ताचा अहवाल, आपल्या मुलाच्या छातीचें चित्र, असल्या गोष्टी आज कोठल्या तरी सर्व्हरवरील कप्प्यांत पडून आहेत. त्या डॉक्टरांना वेळेवर सांपडाव्या यासाठीं पाटी नीट लावलेली हवी. पण ती लावणाऱ्यानें कुलपाचीहि तजवीज केली आहे कीं नाहीं, एवढें त्या संस्थेस विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, आणि तो त्यानें अवश्य बजावावा.