चार बोल्ट आणि दोन मनगटं

शनिवारी पहाटे वाकडच्या भूमकर चौकाजवळ उभं राहिलं, तर कंपन्यांच्या बसगाड्यांमधून वाट काढत निघालेल्या मोटारसायकली दिसतात. मागे दोन्ही बाजूंना पिशव्या, पुढे मोबाइलचा स्टँड, चालकाच्या गुडघ्यांना कवच. द्रुतगती महामार्गावर दुचाकींना बंदी असल्याने काही जण जुन्या रस्त्याने लोणावळ्याकडे निघतात, तर काही चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी करत ताम्हिणीने कोकणात उतरतात. यातल्या बऱ्याच गाड्या तासाभरावरच्या चाकणमध्ये जन्मलेल्या असतात: बजाजची डॉमिनार, केटीएमची ॲडव्हेंचर, अलीकडची ट्रायम्फ स्पीड ४००. पण नीट पाहिलं तर अनेकांचं हँडल कारखान्यातून आलेलं नसतं. कुणी उंच बसवलेलं असतं, कुणी रुंद, तर कुणी मूळ हँडलाखाली ठोकळे घालून ते दोन बोटं वर उचललेलं असतं.

हा निव्वळ हौसेचा मामला नाही. विचारलं तर बहुतेक जण दुखणं सांगतात. ‘महाडपर्यंत जाईतो करंगळी बधिर होते’, ‘मानेखाली दगड ठेवल्यासारखं वाटतं’, ‘घरी आल्यावर चहाचा कप धरवत नाही’. आठवडाभर हिंजवडीत कीबोर्डवर काम करणारी मनगटं शनिवार-रविवारी चारशे किलोमीटर हँडलवर टेकतात, तेव्हा तक्रार होणारच.

कोणतं बोट बधिर होतं, यावरून बरंच कळतं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग ‘अल्नर’ या नसेच्या ताब्यात असतो. ही नस तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याजवळून जाते आणि हँडलवर भार टाकला की नेमकी तिथेच चेपली जाते. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये हा त्रास डॉक्टरांच्या जुन्या ओळखीचा आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट झिणझिणत असेल, तर संशय ‘मीडियन’ नसेवर जातो. ती मनगटाच्या अरुंद बोगद्यातून येते. मनगट वर किंवा खाली मुडपलेलं राहिलं, तर त्या बोगद्यातला दाब वाढतो.

त्यात कंपनांची भर. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० फेरे झाले. म्हणजे तेवढ्याच वेळा हँडल बारीक थरथरतं. कंपनं ओळखणारे त्वचेतले सूक्ष्म संवेदक साधारण २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास सर्वांत तल्लख असतात, पण शंभरची थरथरही त्यांना चांगलीच जाणवते. कारखान्यांत ग्राइंडर किंवा ड्रिल दिवसभर धरणाऱ्या कामगारांच्या हातांसाठी युरोपने कंपनांची मर्यादा ठरवली आहे. आठ तासांच्या सरासरीने ती २.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेली की मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ च्या वर जाऊच द्यायची नाही. सुट्टीच्या दिवशी आपला मालक आपणच असतो.

तेव्हा हँडल बदलून उपयोग होतो का? होतो, पण सरसकट नाही. उंच हँडलमुळे तळहातावरचा भार कमी होतो. तो भार कुठे नाहीसा होत नाही, तो बैठकीवर जातो. पाठ खांबासारखी ताठ झाली की खड्ड्याचा दणका थेट कमरेच्या मणक्यांत पोहोचतो; किंचित पुढे झुकलेलं शरीर तो थोडा तरी पचवतं. म्हणून माझं मत असं, की पैसे खर्च करण्याआधी फुकटचे उपाय करावेत. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा कोन बदलता येतो. हाताचा कोपरापासून बोटांपर्यंतचा भाग सरळ रेषेत राहील इतक्या त्या खाली किंवा वर फिरवाव्यात. मुठी घट्ट आवळून गाडी चालवायची सवय सोडावी. दर तासाला थांबावं. एवढ्यानेच अनेकांची करंगळी शुद्धीवर येते.

तरीही हँडल बदलायचंच ठरलं, तर पुढचा भाग जपून वाचावा, कारण दुखणं परवडलं पण ढिलं हँडल परवडत नाही.

हँडल गाडीला धरून ठेवतात ते दोन क्लॅम्प आणि त्यांचे साधारण चार बोल्ट. ना वेल्डिंग, ना खाच. सगळी मदार घर्षणावर. ८ मिलिमीटरचा बोल्ट २२ न्यूटन-मीटर इतका आवळला, तर हिशेबाने तो सुमारे १,४०० किलोच्या ताणाने क्लॅम्प दाबून धरतो. चौघे मिळून साडेपाच टन. जोरात ब्रेक दाबल्यावर अख्खं शरीर हातांवर येतं, तेव्हा हँडल पुढे फिरू न देणारी ताकद हीच.

आता गंमत पाहा. याच पट्ट्यात हजारो लोक रोज टॉर्क मोजून बोल्ट आवळतात. कारखान्याच्या जुळणी लाइनवर महत्त्वाचा बोल्ट ठरल्या मापाला आवळला की त्यावर रंगाची रेघ मारतात. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला हे कळतं. तोच माणूस रविवारी स्वतःच्या गाडीपाशी बसला की ‘अंदाजे टाइट’ करून मोकळा होतो. अंदाज चुकतो तो असा: ८ सेंटिमीटरच्या आखूड एलन कीने २२ न्यूटन-मीटर गाठायला २८ किलोचा जोर लागतो, तो बोटांनी येत नाही आणि बोल्ट ढिला राहतो. लांब दांडीच्या टी-पान्याने मात्र नकळत जास्त जोर लागतो आणि ॲल्युमिनियमचे आटे जातात. टॉर्क रेंच विकत घ्या किंवा मागून आणा. आकडा मात्र आपल्याच गाडीच्या पुस्तिकेतला हवा. वरचा २२ हा हिशेबासाठी घेतला आहे. आट्यांना हौसेने ग्रीस लावू नये. ग्रीसमुळे तोच टॉर्क बोल्टला बराच जास्त ताण देतो.

हँडलाची जाडी क्लॅम्पशी तंतोतंत जुळायला हवी. जुन्या धाटणीची नळी २२ मिलिमीटरची असते, तर जाड हँडल मध्यभागी २८.६ आणि टोकांना पुन्हा २२. बारीक नळी मोठ्या क्लॅम्पमध्ये बसवण्यासाठी कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा गुंडाळल्याचं मी पाहिलं आहे. तो पत्रा हळूहळू चेपतो आणि पकड जाते. क्लॅम्पची आतली बाजू आणि नळी स्पिरिटने पुसून कोरडी करावी, तेलाचा थेंबही राहू नये. काही क्लॅम्पवर ठिपका किंवा बाण असतो. त्या प्रकारात पुढचे बोल्ट आधी पूर्ण मिटवायचे आणि फट मागे ठेवायची. काहींत दोन्ही बाजूंना सारखी फट लागते. उलट केलं तर क्लॅम्प तडकू शकतो. खाली ठोकळे घातले असतील तर बोल्टही लांब हवेत. ॲल्युमिनियममध्ये ८ मिलिमीटरचा बोल्ट किमान १२ मिलिमीटर आत गेलेला बरा.

पडलेल्या गाडीचं वाकलेलं हँडल दाबून सरळ करून देणारे कारागीर सापडतात. ॲल्युमिनियमच्या बाबतीत हे करूच नका. एकदा वाकलेल्या जागी बारीक भेगा पडतात, त्या वरून दिसत नाहीत आणि थरथरीने वाढत जातात. स्विचच्या खुंटीसाठी नव्या हँडलला भोक पाडायचं झालं, तर तेही टोकाकडे आणि एकदाच. क्लॅम्पच्या जवळ कदापि नाही.

उंची वाढली की केबल आखूड पडतात. वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत बऱ्याच गाड्यांत मूळ केबल पुरतात, त्यापुढे लांब घ्याव्या लागतात. ब्रेकचा पाइप ताणला जात असेल तर लांब पाइप हवा, आणि एबीएस असलेल्या गाडीतली हवा काढण्याचं काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावं. खरी परीक्षा वाकडच्या कोणत्याही टॉवरच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये होते, कारण उतारावर वळताना हँडल पूर्ण फिरतं. ती आधी उभ्या गाडीवर घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू ठेवून हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे न्या. इंजिनचा आवाज जरासुद्धा चढला, तर ॲक्सिलेटरची केबल ओढली जाते आहे. अशी गाडी वळणावर आपोआप पळेल. केटीएमसारख्या गाड्यांत ॲक्सिलेटरला केबलऐवजी वायर असते. तिथे आवाज बदलणार नाही, वायर ताणते का हे डोळ्यांनीच पाहावं लागतं. हाताचा अंगठा टाकी आणि हँडल यांच्यात चिमटत नाही ना, तेही याच वेळी कळतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून आपल्या मॉडेलसाठी कंपनीनेच देऊ केलेली उपकरणं आधी पाहावीत, शंका असल्यास पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला कळवावं.

नवं हँडल बसवल्यावर पहिली स्वारी लांबची नको. मुळशीच्या धरणापर्यंत जाऊन परत यावं, गाडी थंड झाल्यावर चारही बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत आणि नेलपेंटने रेघ मारून ठेवावी. आणि हे सगळं करूनही दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं बधिर असतील, शर्टाची बटणं लावताना बोटं चुकत असतील किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर पुन्हा गॅरेजमध्ये जाऊ नका. अस्थिरोग किंवा मेंदूविकार तज्ज्ञाकडे जा; नस कुठे दबली आहे, हे नसांच्या वहनाच्या तपासणीत कळतं.