वेताळाला मुलगी दिली कुणी?

वेताळाचे लग्न लागल्याची बातमी मी घरात मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा आमची आजी वाती वळीत बसली होती. तिने कापूस खाली ठेवला, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "वेताळाला मुलगी दिली कुणी, म्हणते मी! आईबाप आहेत का कसाई?"

आजीचे काही चुकले नव्हते. तिचा वेताळ म्हणजे वेशीबाहेरचा शेंदूर फासलेला दगड, अमावास्येच्या रात्री भुतांची पालखी घेऊन निघणारा. माझा वेताळ निराळा. अंगाला चिकटलेला जांभळा पोशाख, त्यावर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी. त्याचे मूळचे नाव फँटम. ली फॉक नावाच्या लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात उभा केला, आणि तेव्हापासून रोज तीन-चार चौकटींच्या हप्त्याने त्याची गोष्ट चालू झाली. आपल्याकडे तो 'इलस्ट्रेटेड वीकली'तून आला, आणि १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू झाल्यावर चांगला घरोब्याचा झाला. वेताळ हे बारसे तिथलेच. सोलापुरात आमच्या बोळाच्या तोंडाशी भाड्याने पुस्तके देणारे एक दुकान होते. तिथून मी त्याला रोज घरी आणीत असे, आणि माझ्या आधी तो ताई वाचून काढीत असे.

आता या गृहस्थाच्या लग्नाची हकीकत ऐका. डायना पामर ही मुलगी त्याला पहिल्याच कथेत भेटली. म्हणजे १९३६ साली. लग्न लागले १९७७ साली! मध्ये एक महायुद्ध होऊन गेले, आपला देश स्वतंत्र झाला, मुंबईसह महाराष्ट्र मिळाला, माणूस चंद्रावर जाऊन परत आला, आणि हा आपला घोड्यावर बसून चाच्यांच्या मागेच. कुठे मागणी घालावी म्हणून तोंड उघडायला जावे, तो जंगलात नगारे वाजायचे आणि स्वारी निघाली! आमच्या सोलापुरात एखाद्याने साखरपुड्यानंतर एकेचाळीस महिने जरी असे केले असते, तरी मुलीच्या मामांनी त्याला भर नवी पेठेत गाठून जाब विचारला असता.

बरे, स्थळ तरी कसे? आपल्या पद्धतीने चौकशी करून पाहू. वय? जंगलातले लोक सांगतात, चारशे वर्षे. शिक्षण? असेल, पण प्रमाणपत्र दाखवता येत नाही. नोकरी? दुष्टांचे निर्दाळण, पगार नाही, रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. राहते घर? कवटीच्या आकाराची गुहा. घरात आणखी कोण? एक लांडगा. जाऊबाई नाही, नणंद नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. मुलाचा चेहरा पाहता येईल का? छे, छे! मुखवट्यामागचा चेहरा जो पाहील त्याला भयंकर मरण येते, अशी तिथली म्हण आहे. आपल्याकडे अंतरपाट दूर झाला की नवरा-नवरी एकमेकांना पाहतात. इथे अंतरपाट नवऱ्याच्या डोळ्यांवरच कायमचा बांधलेला. आणि मुलगी? सुस्वरूप, चांगल्या घरची, खुद्द संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी. आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, वाचकहो!

लग्न मात्र थाटात झाले. मॅन्ड्रेक जादूगार आपल्या लोथारला घेऊन आला. जंगलचे लोक आले, मोठमोठे पाहुणे आले. पण आमच्या आईने ती पाने उलटून पाहिली आणि एकच शेरा मारला: "हे कसले लग्न? कुणी रुसलेलंच दिसत नाही!" खरेच की. विहीणबाई नाहीत, मानपान नाही, आहेरातल्या सोलापुरी चादरीची घडी उलगडून "ही नेहमीच्या वापरातली दिसते" म्हणणारी आत्या नाही. पंगतीला मीठ वाढायचे राहिले नाही. मांडवाच्या मागच्या बाजूला, जिथे भांड्यांचा ढीग पडतो आणि जिथे खरे लग्न चाललेले असते, तिथे चित्रकार फिरकलाच नाही.

असले न दिसणाऱ्या नवऱ्याचे लग्न आम्हां सोलापूरकरांना नवे नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्या गावात दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास एक लग्न लागते आणि सारे गाव त्याचे वऱ्हाडी असते. बाराव्या शतकातले आमचे सिद्धरामेश्वर योगी पुरुष. एका कुंभारकन्येने त्यांच्याशीच लग्न करायचा ध्यास घेतला, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची परवानगी दिली, अशी कथा आहे. आजही सात नंदीध्वज मिरवीत येतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसे तळ्याकाठी संमती कट्ट्यापाशी दाटी करतात आणि हजारो हातांतून अक्षता पडतात. ताई लहानपणापासून तिथे अक्षता टाकायला जात असे. एकदा परतताना ती म्हणाली, "बघ, त्या मुलीने मागितलं, म्हणून हे लग्न आठशे वर्षं चाललंय."

तिच्या स्वतःच्या लग्नाचे तेव्हा जमत नव्हते. ताई शाळेत शिक्षिका होती. वडिलांच्या गिरणीतल्या पगारात घर चालत नसे. ते तिच्या पगाराने चाले. पाहायला येणारे पोहे खात, मुलगी पसंत आहे म्हणत आणि चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर हळूच विचारीत, "लग्नानंतर नोकरी सोडतील ना?" ताई नाही म्हणे. पोहे वाया जात. आजी म्हणे, "सोडते म्हण की गं एकदाची." ताई गप्प बसे. बोळात आमचे हसे होऊ लागले होते.

तर त्या दिवशी वेताळाच्या लग्नाचे पुस्तक ताईने माझ्या हातातून घेतले, शेवटपर्यंत वाचले आणि विचारले, "हिने नोकरी सोडली का रे?"

मी पुढचे भाग येतील तसे तिला आणून देऊ लागलो. डायनाने नोकरी सोडली नाही. कवटीच्या गुहेत संसार मांडायलाही ती तयार झाली नाही. मग वेताळाने तिच्यासाठी झाडावर घर बांधून घेतले. १९७९ साली जुळी मुले झाली, किट आणि हेलोइज. चारशे वर्षांच्या घराण्याला बायकोच्या एका शब्दावर बिऱ्हाड हलवावे लागले! ताई खूप हसली. आजीला तिने सांगितले, "वेताळसुद्धा ऐकतो, आजी. हे तर आमचे साधे कारकून."

पुढच्या स्थळाच्या वेळी चहाचा कप खाली ठेवायच्या आत ताईनेच विषय काढला. "मी नोकरी सोडणार नाही, आणि पगारातला काही भाग इकडे देईन." आईचा चेहरा पांढरा पडला. मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "माझी शाळा दुपारची आहे. सकाळचा स्वयंपाक मला येतो." तोही मास्तरच निघाला. लग्न साधेच झाले. मीठ वाढायचे राहिले, आणि दोन आत्या रुसल्या.

आज मागे वळून पाहताना वाटते, चित्रमालिकांचे लेखक लग्नाला उगाच भितात. लग्न लागले की गोष्ट संपली, अशी त्यांची समजूत. फॉकच्या मॅन्ड्रेकने तर वेताळालाही मागे टाकले: १९३४ साली अवतरलेला हा जादूगार नार्डाशी बोहल्यावर चढला तो १९९७ साली. आणि ब्लाँडीची गोष्ट पाहा. १९३० साली सुरू झालेली ती मालिका मंदीच्या दिवसांत लोकांना नकोशी होऊ लागली होती. तेव्हा तिच्या श्रीमंत नवऱ्याने अठ्ठावीस दिवस उपोषण करून घरच्यांची संमती मिळवली, वारसा गमावला आणि १७ फेब्रुवारी १९३३ ला लग्न केले. मग नोकरी, साहेब, मुले, मध्यरात्री उठून खाणे, असला आपल्या-तुपल्या घरातला मजकूर सुरू झाला आणि त्याच्यावरच ती मालिका जगभर गेली.

वेताळाचीही खरी गोम हीच आहे. जंगलातले लोक म्हणतात, हा मरतच नाही. पण वाचकाला ठाऊक असते की हा एकविसावा आहे. १५३६ सालापासून बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो. म्हणजे त्या अमरपणाला दर पिढीत एक लग्न लागले, आणि त्या गुहेत येऊन राहणारी एक मुलगी लागली. मुखवटे वीस जणांचे लक्षात राहिले. त्या वीस जणींना काय विचारले होते आणि त्यांनी काय सोडले, हे कोणत्या चौकटीत आहे?

ताई मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. परवा तिच्याकडे गेलो, तर भावोजी भाकरी थापीत होते आणि ती पेपर वाचीत बसली होती. मी म्हटले, "ताई, दिवाळी अंकासाठी वेताळाच्या लग्नावर लिहितोय."

पेपरातून डोके वर न काढता ती म्हणाली, "लिही. पण मुलगी दिली कुणी, असं लिहू नकोस. म्हणावं, तिची ती गेली."