इंजिनाचा श्वास

बोरीवलीला लागून असलेल्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. 2016 मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात झळकलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली. अशा घरी बांधलेल्या विमानांत पंख सगळे बघतात. मला मात्र इंजिनात हवा नेणारी वाट पाहावीशी वाटते.

पिस्टन इंजिनाची हवा आधी फिल्टरमधून आणि मग एअरबॉक्समधून जाते. हा डबा पातळ ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा असतो आणि इंजिनाबरोबर सतत थरथरतो. मग कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते, रिव्हेट सैल होतात. फिल्टर तुंबला तर उघडणाऱ्या पर्यायी झडपेची बिजागरीही झिजते. धोका इथेच आहे: सुटलेला तुकडा थेट इंजिनात ओढला जातो. फटीतून शिरलेली धूळ सिलिंडर घासते, ते वेगळंच.

पत्र्याच्या चिरेवर नुसता चिकटपदार्थ फासून भागत नाही. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडतात, म्हणजे ताण एका बिंदूवर साचत नाही. मग वरून ठिगळ रिव्हेटने बसवतात. फायबरग्लास असेल तर घासून कापड आणि इपॉक्सीचे थर द्यायचे. घासणाऱ्या कडांवर सिलिकॉन रबराची पट्टी लावली, तर झीज बरीच लांबते. आणि तपासणीच्या वेळी झडप हाताने हलवून पाहायचीच.