यंत्रास भार कसा कळतो?

उसाच्या गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे आपल्या बारामती तालुक्यांत बैलगाड्यांच्या व ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. सुप्याकडील भाग जिराईत असला, तरी सोमेश्वरनगर किंवा माळेगांव येथील साखर कारखान्याचा वजनकाटा आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. भरलेली गाडी काट्यावर चढते, क्षणभर थांबते आणि खिडकींत आकडे उमटतात. वर्षभराच्या कष्टांचें मोल त्या आकड्यांवर ठरतें. परंतु तेथें ना पारडें दिसतें, ना वजनें! मग तें वजन कळतें तरी कसें? या प्रश्नाच्या उत्तरांतच आजच्या यंत्रशाळेचेंही एक रहस्य दडलेलें आहे.

काट्याच्या फळीखालीं पोलादाचे ठोकळे बसविलेले असतात. त्यांस लोड सेल म्हणतात. पोलाद कितीही कठीण असलें, तरी भाराखालीं तें किंचित् दबतेंच, व भार निघाला कीं पूर्ववत् होतें. एक मीटर लांबीची पोलादी कांब ओढून एक मिलिमीटरनें लांब करावयाची, तर तिच्या छेदाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागें सुमारें 20 किलोंचा ताण द्यावा लागतो. असा सूक्ष्म बदल मोजण्यासाठीं ठोकळ्यावर धातूची अतिशय पातळ, नागमोडी पट्टी चिकटवितात. ठोकळा ताणला गेला कीं पट्टीही ताणली जाते, आणि विजेस होणारा तिचा विरोध वाढतो. हीच स्ट्रेन गेज होय. एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज या अमेरिकन संशोधकांनीं 1938 च्या सुमारास ती एकमेकांपासून स्वतंत्रपणें शोधून काढिली.

350 ओहम विरोधाची पट्टी हजारांत एक भाग लांबली, तर तिचा विरोध अवघा 0.7 ओहमनें वाढतो. एवढासा फरक ओळखण्याकरितां चार पट्ट्यांचा चौकोन जोडतात. त्यास व्हीट्स्टनचा सेतु असें नांव आहे. भार नसतां सेतूच्या दोन्ही बाजू समतोल असतात. भार येतांच तराजूची दांडी कलावी तसा विद्युद्दाब एका बाजूस कलतो. दहा व्होल्ट पुरविले, तरी पूर्ण भाराखालीं हा फरक बहुधा 20 ते 30 मिलिव्होल्टच असतो. तो वर्धकानें वाढवून, त्याचे आकडे करून संगणकाकडे पाठवितात.

आतां कारखान्यांतील लेथकडे वळूं. आकड्यांच्या आज्ञेनें चालणारें कर्तनयंत्र अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत 1952 सालीं प्रथम लोकांस दाखविण्यांत आलें. आज अशीं यंत्रें सर्वत्र आहेत. परंतु असें यंत्र आज्ञाधारक असलें, तरी आंधळें असतें. हत्यार बोथट झालें, किंवा पकडींतील काम सरकलें, तर अनुभवी कारागिराच्या कानास तें तत्काळ कळतें. यंत्र मात्र पुढें जातच राहतें. हत्यारधारकाखालीं भारमापक बसविला, म्हणजे यंत्रास स्पर्शाची जाणीव येते. साध्या पोलादावर दोन मिलिमीटर खोल व दर फेऱ्यास 0.2 मिलिमीटर असा काप घेतला, तर हत्यारावर सुमारें 80 किलोंचा जोर पडतो. हा आकडा हळूहळू चढूं लागला, तर धार गेली असें समजावें; एकाएकीं उसळला, तर यंत्र थांबवावें. हा विवेक संगणकास आधीं शिकवून ठेवावा लागतो.

येथें दोन गोष्टी विसरतां कामा नयेत. पहिली वेगाची. गाडी काट्यावर स्थिर उभी राहते. म्हणून सेकंदास दहा मापें तेथें पुरतात. पण चार दातांचें कर्तनचक्र मिनिटास 1200 फेरे घेत असेल, तर सेकंदास 80 आघात होतात, आणि ते टिपण्यास मापेंही त्याच्या अनेक पटींनीं घ्यावीं लागतात. दुसरी गोष्ट तारांची. मिलिव्होल्टचा क्षीण संदेश मोटरच्या जाड तारांशेजारून नेला, तर त्यांत गोंगाट मिसळतो. यास्तव त्याची तार जाळीचें आवरण असलेली व वेगळ्या वाटेनें नेलेली असावी.

परंतु सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न हा, कीं ती तार तुटली तर काय होईल? संगणकास शून्य भार दिसेल, सर्व ठीक आहे असें तो समजेल, आणि नेमक्या संकटाच्या वेळीं यंत्र पुढें रेटीत राहील. म्हणून संदेश नाहींसा होणें हीच थांबण्याची आज्ञा ठरवावी लागते. आणि कारागिराच्या हाताशीं असलेलें तांबडें बटण संगणकाच्या मर्जीवर न ठेवतां स्वतंत्र मंडलानें मोटरची शक्ति तोडणारें असावें. हत्यार मोडलें तर नवें घेतां येतें. बोटें नवीं येत नाहींत.

आपल्या शाळेंतील कित्येक मुलें उद्यां बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत अशा यंत्रांपुढें उभीं राहतील. पालकांनीं त्यांस कौशल्याबरोबर ही सावधगिरीही शिकवावी. भारमापक आपोआप सत्य बोलत नाहीं. ऊन, थंडी व काळ यांनीं त्याचें शून्य सरकतें, आणि ठाऊक असलेलें वजन ठेवून तें पुनःपुन्हां पारखून घ्यावें लागतें. पवित्र शास्त्रांतील नीतिसूत्रांच्या पुस्तकांत खोट्या तराजूचा निषेध केलेला आहे. तराजूचें रूप बदललें, पारडीं जाऊन तारा आल्या. पण माप खरें ठेवण्याचें काम अद्यापि माणसाकडेच आहे.