हस्तांतर आणि नामाधिकार

एखाद्या गोष्टीचे स्वामित्व एकाकडून दुसऱ्याकडे गेले असे म्हटले जाते, तेव्हा नेमके काय जाते? वस्तू जाते, तिचे कागदही जातात. परंतु तिला नाव देण्याचा आणि त्या नावाने व्यवहार करण्याचा अधिकार पुष्कळदा मागेच राहतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. या कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली होती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या संज्ञेत मात्र बांबू अंतर्भूत होता. या दोन व्याख्यांच्या कात्रीत बांबूचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवाना-पुस्तिका ग्रामसभेच्या स्वाधीन केली, तेव्हा कोठे तो हक्क व्यवहारात उतरला.

संगणकाच्या क्षेत्रातही असाच एक प्रसंग घडला आहे. बँका, विमा कंपन्या आणि शासकीय कार्यालये यांच्या मोठ्या आज्ञावल्या निरनिराळ्या उत्पादकांच्या यंत्रणांवर सारख्याच रीतीने चालाव्यात, यासाठी एक समाईक नियमसंहिता लागते. तिला प्रमाणक म्हणतात. जावा भाषेसाठी असे प्रमाणक सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९९ साली सिद्ध केले. पुढे ते ‘जावा ईई’ या नावाने रूढ झाले. २०१० साली ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये हे प्रमाणक इक्लिप्स फाउंडेशन या मुक्तस्रोत संस्थेकडे सोपविण्याचे जाहीर केले. मूळ संकेतावली आणि पूर्वी मुक्त नसलेल्या अनुरूपतेच्या चाचण्या क्रमाने संस्थेकडे आल्या. ‘जावा’ हे व्यापारचिन्ह मात्र ओरॅकलपाशीच राहिले. म्हणून २०१८ साली मतदानाने ‘जकार्ता ईई’ हे नवे नाव स्वीकारण्यात आले.

खरी अडचण त्याहून सूक्ष्म होती. या संहितेतील घटकांची नावे ‘जावाएक्स’ या पूर्वपदाने सुरू होत. ती जुन्या रूपात वापरण्यास मुभा होती. परंतु त्या नावाखाली नवे काही घालण्यास किंवा जुने बदलण्यास मुभा नव्हती, असे मे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. अर्थात् जुनी नावे ठेवावी तर प्रमाणकाची वाढ खुंटणार, आणि बदलावी तर त्यांवर आधारलेल्या असंख्य आज्ञावल्या दुरुस्त कराव्या लागणार. सप्टेंबर २०१९ च्या आवृत्तीत जुनी नावे राहिली. डिसेंबर २०२० च्या नवव्या आवृत्तीत त्यांच्या जागी ‘जकार्ता’ हे पूर्वपद आले. त्या आवृत्तीचे मुख्य कार्य नामांतर हेच होते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने यातील मर्म असे. नैसर्गिक भाषेत शब्द व अर्थ यांचा संबंध लोकसंकेताने ठरतो. शब्दाला मालक नसतो, आणि उच्चारात थोडा फरक पडला तरी श्रोता अर्थ जाणतो. आज्ञावलीत नाव हाच पत्ता असतो. एक अक्षर बदलले की घटक सापडत नाही. असे नाव कोणाच्या मालकीचे झाले, तर संकेत बदलण्याचा समाजाचा स्वाभाविक अधिकारच संपतो.

दोन्ही प्रसंगांत एक भेद आहे. कंपनीने आपली वस्तू दिली. ग्रामसभेचा हक्क मूळचाच होता, कायद्याने तो केवळ मान्य केला. तथापि बोध एकच आहे. मसराम गोंडी लिपीला २०१७ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले. गोंडी किंवा माडिया भाषेचे शब्दसंग्रह व टंक सिद्ध करणाऱ्या अभ्यासकांनी, त्यांत पुढे भर घालण्याचा, बदल करण्याचा व ते त्याच नावाने प्रसृत करण्याचा अधिकार भाषिक समाजाकडे राहील की नाही, हे प्रारंभीच लेखी ठरविले पाहिजे. केवळ प्रत हाती देणे म्हणजे हस्तांतर नव्हे.