गोळी मनाची, मळमळ पोटाची!

आमच्या शारजातल्या ग्रुपमधल्या एका मित्राला डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली. पाचव्या दिवशी त्याने पाकीट कचऱ्यात टाकलं. "मन तर होतं तसंच आहे, वर पोटही बिघडलं!" आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले. डॉक्टरकीतलं आम्हाला कळत नाही, पण बिघाड कुठे आहे ते शोधायची खोडही जात नाही. म्हणून वाचायला बसलो.

सध्या सर्रास दिल्या जाणाऱ्या फ्लुओक्सेटिन, सरट्रालिनसारख्या गोळ्या सेरोटोनिन या रसायनाचा परिणाम वाढवतात. आपली समजूत, हे मेंदूतलं रसायन. प्रत्यक्षात शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं! आणि गोळी काही फक्त मेंदूचा पत्ता विचारत जात नाही. म्हणून मळमळ, जुलाब. आमच्या भाषेत, एकच व्हेरिएबल दहा ठिकाणी वापरलेला. एका ठिकाणासाठी बदलला की बाकीची नऊही हलणार. झोप, घाम, लैंगिक इच्छा, सगळंच. (हे शेवटचं लाजून कोणी डॉक्टरांना सांगत नाही आणि गुपचूप गोळी बंद करतो.) जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्या तर हिस्टामिन आणि अ‍ॅसिटिलकोलिनचंही काम अडवतात, त्याने गुंगी, बद्धकोष्ठ, तोंडाला कोरड. इथल्या ऑगस्टमध्ये तोंडाला कोरड म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे या औषधांचा शोधच साइड इफेक्टमधून लागला. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. पुढे तिच्यातल्या रेसर्पिनने काहींना उदासी आल्याच्या नोंदी झाल्या. उलट १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आयप्रोनियाझिड घेणारे क्षयरोगी भलतेच उत्साही दिसू लागले. पहिलं औषध सेरोटोनिनसारखी रसायनं घटवतं, दुसरं ती टिकवतं. संशोधकांना धागा मिळाला. अर्थात "सेरोटोनिन कमी म्हणून डिप्रेशन" इतकं सोपं गणित आता कोणी मानत नाही.

खरी गोची वेळेची आहे. मळमळ पहिल्या दिवसापासून, आणि ती बहुधा आठ-पंधरा दिवसांत ओसरते. मनाला उतार पडायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी जास्तही. म्हणजे माणूस नेमका सगळ्यात वाईट टप्प्यावर गोळी सोडतो. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम थांबवली तर चक्कर, डोक्यात शॉक बसल्यासारखं होणं, हेही होतं. आणि पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तेव्हा घरच्यांनी, इथे रूममेट्सनी, लक्ष ठेवायचं आणि तसं काही जाणवलं तर लगेच डॉक्टर गाठायचा.

सुट्टीवरून येताना औषधं आणत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवीच. औषध इथल्या नियंत्रित यादीत असेल, तर निघण्याआधी युएई सरकारची ऑनलाइन परवानगीही घ्यावी लागते.

आमच्या मित्राला आम्ही धरून परत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोस निम्मा केला, गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली. नवव्या दिवशी त्याने स्वतःहून मिसळ मागवली.