अंतर आणि वेळ : दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को



ज्या घरातील मुलगा वा मुलगी कॅलिफोर्नियात आहे, त्या घरात दोन प्रश्न हटकून विचारले जातात : ‘किती लांब?’ आणि ‘किती वेळ लागतो?’ पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचे आपोआप मिळते, अशी आपली समजूत असते. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हा हवाई मार्ग या समजुतीला छेद देतो. तो कसा, एवढेच मी आज सांगणार आहे.

भिंतीवरील सपाट नकाशा बाजूला ठेवून पृथ्वीगोल हाती घ्यावा आणि या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. दोन्ही शहरे उत्तर गोलार्धात, पण पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध अंगांस असल्याने दोरा उत्तर ध्रुवाजवळून जातो. त्याची लांबी सुमारे १२,४०० कि.मी. भरते. हेच सर्वांत कमी अंतर.

तथापि विमान या दोऱ्यावरून जात नाही. दिल्लीच्या उत्तरेस हिमालय व तिबेटचे पठार आहे. विमानातील हवेचा दाब अचानक घटल्यास विमानाला सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत त्वरेने खाली यावे लागते. तेथील भूमीच त्याहून उंच आहे. म्हणून वळसा घेणे आले.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये ही विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० कि.मी.ची. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी ते प्रथमच उलट दिशेने, पॅसिफिकवरून गेले. वाट सुमारे १५,३०० कि.मी. झाली, वेळ मात्र सुमारे दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला.

याचे कारण वारा. नऊ ते बारा कि.मी. उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे झोत वाहतात. ‘विमानाखालून पृथ्वी फिरते’ हे काहीजण देत असलेले कारण बरोबर नाही, कारण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते. विमानाचा हवेतील वेग ताशी सुमारे ९०० कि.मी. असतो. १५,३०० ला साडेचौदाने भागा. उत्तर ताशी सुमारे १,०५५ येते. वरची भर वाऱ्याची.

हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. इंधन मुख्यतः उड्डाणाच्या तासांप्रमाणे जळते, आणि किती प्रवासी व किती सामान न्यावयाचे, हे इंधनाच्या वजनावर ठरते. वाऱ्याप्रमाणेच राज्यांचे तंटेही वेळ बदलतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांचा प्रवास लांबला. शहरे मात्र होती तेथेच होती.

शाळेत भूगोल आणि गणित आपण निरनिराळ्या तासांना शिकलो; या प्रवासात ते एकत्र येतात. तेव्हा घरी नातवाची वाट पाहणाऱ्या आजीने विचारले, तर तिला अंतर पृथ्वीगोलावर दाखवावे. वेळ सांगताना मात्र विमान कोणत्या दिशेने येत आहे, हे आधी पाहावे.